बार्सिलोना ते रोम, किनाऱ्याकिनाऱ्याने: पंधरा रात्रींचा आराखडा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं कुटुंब. नवरा-बायको, तेरा आणि नऊ वर्षांची मुलं, आणि सोबत सदुसष्ट वर्षांच्या आई. आईंचे गुडघे कुरकुरतात, पण फिरायची हौस दांडगी आहे. मेच्या सुट्टीत पंधरा रात्री मिळतात. यादीत बार्सिलोना, नीस, मोनॅको, चिंक्वे तेर्रे, रोम, अमाल्फी, सँटोरिनी आणि डुब्रोव्हनिक. सगळं बसवायचं कसं आणि व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा?

सगळं बसणार नाही. सँटोरिनी आणि डुब्रोव्हनिक आत्ताच काढून टाका. नकाशावर ही ठिकाणं एकाच समुद्राच्या काठी दिसतात म्हणून जवळ वाटतात. पण रोमहून सँटोरिनीला जायचं म्हणजे विमान, आणि बहुतेकदा अथेन्सला बदल. बोटीनं जायचं तर अथेन्सच्या पिरेयस बंदरापासून वेगवान बोटीलाही पाचेक तास लागतात आणि साध्या बोटीला सात-आठ. डुब्रोव्हनिकला रेल्वे जातच नाही. ग्रीस ही स्वतंत्र सहल आहे आणि क्रोएशियाही. त्यांना न्याय द्यायचा असेल तर पुढच्या खेपेला द्या.

बाकीच्या यादीत मात्र एक चांगली गोष्ट आपसूक जमली आहे. बार्सिलोना, नीस, चिंक्वे तेर्रे आणि रोम ही सगळी ठिकाणं, वाटेतल्या मार्सेय आणि जेनोआसकट, एका रेल्वेच्या दोऱ्यात ओवलेली आहेत. विमान फक्त जाताना आणि येताना. मधल्या तीन देशांत चलन एकच, युरो. व्हिसाही एकच. मोनॅको युरोपीय संघात नाही, पण तिथेही युरोच चालतो आणि फ्रान्सकडून शिरताना कुणी अडवत नाही. माझा सल्ला एवढाच आहे की ठिकाणांच्या यादीवरून प्रवास आखू नका, रुळांवरून आखा. जे रुळावर नाही ते या वेळी नाही.

अमाल्फीबद्दल तुम्ही नक्की विचारणार, म्हणून आधीच सांगतो. रोमहून नेपल्स वेगवान गाडीनं सव्वा तासाच्या आत येतं. पुढे लोकल गाडीनं सोरेन्तो आणि तिथून कड्यावरच्या वळणावळणांची बस. उन्हाळ्यात ही बस खचाखच भरते आणि आईंना तासभर उभं राहावं लागू शकतं. तिथे तीन रात्री देता आल्या तरच जा. एका दिवसात रोमहून जाऊन-येऊन करण्याचे टूर विकले जातात, त्यात दिवसाचा मोठा भाग खिडकीतून बाहेर बघण्यात जातो.

आता रात्री वाटू. बार्सिलोना चार, मार्सेय दोन, नीस चार, लेवान्तो (चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांशेजारचं गाव) तीन, रोम दोन. झाल्या पंधरा.

इथे बहुतेक जण म्हणतात की नीसची एक रात्र कमी करून पिसा घेऊ, मार्सेय उडवून फ्लोरेन्स घालू. मुक्काम बदलण्याचा दिवस कसा जातो ते बघा. हॉटेल सकाळी दहा-अकराला सोडावं लागतं आणि पुढचं दुपारी तीनला मिळतं. मधल्या वेळात पाच माणसं आणि पाच बॅगा घेऊन स्टेशन, गाडी, पुन्हा स्टेशन. तो दिवस फिरण्याचा नसतो. म्हणजे तुमच्या आराखड्यात असे चार दिवस आधीच खर्ची पडले आहेत. प्रत्येक नवीन मुक्काम आणखी एक खातो. मार्सेय मी मुद्दाम ठेवलंय, कारण बार्सिलोनाहून नीसला एका दमात जायचं तर सगळा दिवस गाडीत जातो.

विमानाचं तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ पर्याय निवडा: मुंबई ते बार्सिलोना आणि रोम ते मुंबई. दोन सुटी एकेरी तिकिटं काढली की बहुधा महाग पडतं. आणि रोमहून परत बार्सिलोनाला येऊन विमान पकडणं हा निव्वळ एका दिवसाचा आणि पाच तिकिटांचा तोटा आहे. आखाती देशातून किंवा इस्तंबूलहून जाणारं विमान घ्या. कारण असं की शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातला देशांचा गट) प्रवेश करणाऱ्या बाहेरच्या नागरिकांची संगणकीय नोंदणी ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे आणि इमिग्रेशनच्या रांगा त्यानं लांबल्या आहेत. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला बदल असेल तर ती रांग तिथेच लागते आणि पुढचं विमान सुटायची धास्ती राहते. दुबई-दोहाहून थेट बार्सिलोनाला उतरलात तर रांगेत तासभर गेला तरी चुकणारं काही नसतं.

व्हिसाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. ‘जिथे पहिल्यांदा उतरतो त्या देशाचा व्हिसा’ हे अर्धवट ऐकलेलं आहे. नियम असा की जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. वरच्या वाटणीत स्पेन चार, फ्रान्स सहा, इटली पाच. म्हणजे उतरणार बार्सिलोनाला, पण अर्ज फ्रान्सचा. मुख्य देश ठरवता येत नसेल, उदाहरणार्थ तिन्हीकडे पाच-पाच रात्री असतील, तरच पहिल्या प्रवेशाचा देश लागू होतो. त्यामुळे मार्सेयची एक रात्र उचलून रोमला दिली की फ्रान्स पाच, इटली सहा होतं आणि अर्ज दुसऱ्याच वकिलातीकडे जातो. तेव्हा आधी रात्री पक्क्या करा, मग अपॉइंटमेंट घ्या. फ्रान्सची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून कागदावर इटलीच्या रात्री वाढवायच्या आणि व्हिसा आल्यावर त्या रद्द करायच्या, असले सल्ले सर्रास मिळतात. ऐकू नका. प्रवेशाच्या वेळी हॉटेलची बुकिंगं मागितली जाऊ शकतात, आणि उत्तर अडखळलं तर पुढच्या वेळच्या व्हिसावरही त्याची सावली पडते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण अधिक चौकशी करायची ठरवली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतं. मेसाठी अख्खा महाराष्ट्र एकाच वेळी धावतो, म्हणून फेब्रुवारीत अर्ज आत गेलेला बरा. जून २०२४ पासून शुल्क मोठ्यांना ९० युरो आहे आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. तुमच्या धाकट्याचे ४५, थोरल्याचे मात्र पूर्ण ९०. शिवाय अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विम्यात वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं. आईंचं वय पाहता किमान रकमेवर थांबू नका, आणि आधीपासूनच्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचूनच पैसे भरा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. हॉटेलं सगळी रद्द करता येण्याजोगी घ्या. रेल्वेची स्वस्त, पैसे परत न मिळणारी तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच.

तारखा. मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास बार्सिलोनाला पोचा, त्यामागे हिशेब आहे. नीसच्या परिसरात मेच्या मध्यात कान चित्रपट महोत्सव असतो. मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत वर्षानुवर्षं मेच्या अखेरीला व्हायची, ती २०२६ पासून जूनच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी नेली आहे. या दोन्ही वेळी नीसच्या हॉटेलांचे दर आकाशाला भिडतात. शर्यतीच्या आधी काही दिवस मोनॅकोत जागोजागी कठडे आणि प्रेक्षकांचे मांडव उभे असतात, चालायलाही वाट उरत नाही; मुलांना मात्र तेच बघायचं असतं, ती गोष्ट निराळी. विसाव्याला निघालात तर नीस या दोहोंच्या मधल्या फटीत येतं. दोन जूनला इटलीचा प्रजासत्ताक दिन असतो. त्या दिवशी सकाळी रोममध्ये कलोसियमजवळच्या रस्त्यावर संचलन होतं आणि तो भाग बंद असतो, तर दुपारी पोचाल असं बघा. लोक जोडून सुट्ट्या घेतात, त्यामुळे त्या आठवड्याच्या गाड्या आधी भरतात.

समुद्रात डुंबायचं असेल तर एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा. मेच्या अखेरीस पाणी साधारण १८ अंश असतं. गोव्याच्या पाण्याची सवय असलेली मुलं पाय बुडवून किंचाळत बाहेर येतात. उबदार पाणी जुलैच्या पुढे मिळतं, पण तेव्हा गर्दी, उकाडा आणि दर तिन्ही वाढलेले असतात, आणि आपल्या शाळा सुरू झालेल्या असतात.

बार्सिलोनाबद्दल थोडक्यात. साग्रादा फामिलिया हे चर्च आणि पार्क ग्वेल ही बाग या दोन्हींची तिकिटं ठरावीक वेळेची असतात, ती घरूनच काढा. दारात जाऊन मिळतील या भरवशावर राहू नका. पाच माणसांना घर भाड्यानं घ्यायचं असेल तर जाहिरातीत पर्यटक परवान्याचा क्रमांक आहे का बघा. खिसेकापू मेट्रोत आणि रांब्ला या रस्त्यावर असतात. मोबाइल टेबलावर ठेवून जेवायची सवय विमानतळावरच सोडा. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी नीट मिळत नाही, म्हणून दुपारी पोटभर जेवा. कामाच्या दिवशी दुपारी बहुतेक साध्या हॉटेलांत ठरावीक किमतीचं पूर्ण जेवण असतं, तेच सगळ्यात परवडतं.

बार्सिलोना ते मार्सेय थेट गाड्या मोजक्याच आहेत, सुमारे पाच तास. त्या आधी बुक करा, सीटसकट. मार्सेयचं सेंट-चार्ल्स स्टेशन टेकाडावर आहे आणि समोर १०४ पायऱ्यांचा भव्य जिना उतरतो. फोटोला उत्तम, बॅगा घेऊन आणि दुखऱ्या गुडघ्यांनी भयंकर. स्टेशनच्या आतूनच मेट्रोला जाता येतं, आईंना तिकडून न्या. वरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चला जुन्या बंदरापासून ६० क्रमांकाची बस जाते, चढण चढायची गरज नाही.

मार्सेय म्हणजे आपल्याकडे पुस्तकांत वाचलेलं मार्सेलिस. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी मारली ती इथल्याच बंदरात, आणि त्यांना ब्रिटिशांच्या हवाली केल्यावरून फ्रान्स-ब्रिटनचा वाद थेट हेगच्या लवादापर्यंत गेला. मराठी माणसं इथे येतात तेव्हा हा विषय निघतोच. व्यवहाराची गोष्ट अशी की २०२५ मध्ये याच शहरात भारताचं वाणिज्य दूतावास सुरू झालं, त्यामुळे दक्षिण फ्रान्समध्ये पासपोर्ट हरवला तर आता पॅरिस गाठायची पाळी येऊ नये.

मार्सेयजवळचे कालांक, म्हणजे चुनखडीच्या कड्यांमधल्या निळ्या खाड्या, बघायच्या असतील तर बोटीनं बघा. चालत जायच्या वाटा एक जूनपासून सप्टेंबरअखेर वणव्याच्या धोक्यानुसार बंद होऊ शकतात, निर्णय आदल्या संध्याकाळी कळतो. आईंसाठी तर बोटच.

मार्सेय ते नीस अडीच-पावणेतीन तास. २०२५ च्या उन्हाळ्यापासून या मार्गावरच्या प्रादेशिक गाड्या एका खाजगी कंपनीकडे आहेत आणि फेऱ्या दुप्पट झाल्या आहेत. नीसकडे जाताना उजव्या बाजूला बसा, समुद्र तिकडे आहे.

नीसला चार रात्री दिल्या याचं आश्चर्य वाटेल. पण नीस हे तळ ठोकायचं ठिकाण आहे. बॅगा एका जागी, आणि रोज सकाळी साधी लोकल पकडून एकेक गाव: पश्चिमेला आंतिब, पूर्वेला व्हिलफ्रान्श, मोनॅको, मांतों. मोनॅको वीस-पंचवीस मिनिटांवर. तिथे मुक्काम करायचं काहीच कारण नाही. या लोकलचं तिकीट आधी काढलं तरी स्वस्त मिळत नाही, सीटही ठरलेली नसते, म्हणून हवा बघून सकाळी ठरवा. नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, आणि ते गोटे अनवाणी पायांना चांगलेच टोचतात. रबरी बूट पुण्याहूनच न्या. मुलांना वाळू हवी असेल तर एक दिवस आंतिबजवळच्या ज्वान-ले-पँला. जुन्या गावावरच्या किल्ल्याच्या टेकडीला फुकट लिफ्ट आहे.

खाण्याचं. आई शाकाहारी असतील असं धरून चालतो. नीसमध्ये सोक्का मिळतो: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, लाकडाच्या भट्टीत मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेला. कडा करपलेल्या, मध्ये मऊ, वर मिरपूड. जाडसर बेसनाचं धिरडंच म्हणा ना, आईंना पहिल्या घासात ओळख पटेल. जेनोआकडे हाच पदार्थ फारिनाता नावानं मिळतो. उलट पिसालादियेर हा कांद्याचा दिसायला अगदी निरुपद्रवी पाव असतो, पण त्यात छोटे खारवलेले मासे असतात. नीसच्या प्रसिद्ध सॅलडमध्येही मासे असतात. लिगुरियात (जेनोआ आणि चिंक्वे तेर्रेचा प्रदेश) पेस्तो म्हणजे तुळशीच्या जातीचा पाला, चिलगोजासारख्या बिया, तेल आणि चीज. मात्र पारमेजान चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेट या विरजणानं लावतात, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर चीज नसलेलं मागा. फ्रान्समध्ये स्वयंपाकघर दुपारी दोनला बंद होतं म्हणजे होतंच. सव्वादोनला पोचलात तर फक्त कॉफी.

आता या प्रवासातला सगळ्यात कटकटीचा दिवस: नीस ते लेवान्तो. फ्रेंच लोकल सीमेवरच्या व्हेंतिमिल्यापर्यंत, तिथे गाडी बदल, मग इटलीची गाडी जेनोआकडे, आणि तिथून पुढे लेवान्तो. सगळं मिळून पाच-सहा तास धरा. व्हेंतिमिल्याला दोन गाड्यांच्या मध्ये पाऊण तास तरी ठेवा, कारण फलाट बदलायला बॅगा घेऊन खाली-वर करावं लागतं. शुक्रवार टाळा, त्या दिवशी तिथे मोठा बाजार भरतो आणि नीसकडून येणारी गाडी ओसंडून वाहते. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको. शेंगेन असलं तरी या सीमेवर गाडीत तपासणी होते, विशेषतः फ्रान्सकडे जाणाऱ्या गाड्यांत. आणि प्रत्येकानं स्वतःची बॅग स्वतः उचलायची, नऊ वर्षांच्यानंसुद्धा. जी उचलत नाही ती बॅग मोठी आहे.

इटलीतलं प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं. मोबाइलवर काढलं असेल तर गाडी सुटण्याआधी त्यात ‘चेक-इन’ करायचं. नाहीतर खिशात तिकीट असून दंड. संपाची बातमी आली तर घाबरू नका: इटलीत कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या संपातही चालवाव्या लागतात. सकाळची गाठा.

चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांत मुक्काम करायची सगळ्यांनाच इच्छा असते. तुम्ही करू नका. जिने, अरुंद बोळ आणि लिफ्ट नसलेली घरं. लेवान्तो हे त्यांच्या शेजारचं सपाट गाव आहे, स्टेशनवरून काही मिनिटांत पहिलं गाव येतं, आणि संध्याकाळी गर्दी ओसरलेली असते. आईंसाठी मोन्तेरोस्सो आणि व्हेर्नात्सा उत्तम. मोन्तेरोस्सोला पाचही गावांतला एकमेव खराखुरा वाळूचा किनारा आहे, मुलांचीही सोय. कॉर्निल्या कड्यावर वसलंय, स्टेशनपासून वर जायला पावणेचारशेवर पायऱ्या आहेत; तिकडे मुलं बाबांबरोबर जातील, आई छोट्या बसनं. गावांदरम्यान बोटी चालतात, कॉर्निल्या सोडून. समुद्र खवळला की त्या बंद, आणि चढायला-उतरायला अरुंद फळी असते, तेव्हा आईंना हात धरून. तिकिटाचा ‘त्रेनो कार्ड’ घ्या, दिवसभर या गावांमध्ये हवं तेवढं चढा-उतरा.

गाडी भाड्यानं घेऊ का, असं पुढे विचारणार असाल तर या मार्गावर नको. एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडायचे पैसे भरमसाट लागतात. इटलीतल्या जुन्या शहरांत ठरावीक भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, तिथे कॅमेरे असतात, आणि दंडाचं पत्र घरी पोचतं ते कित्येक महिन्यांनी, वर गाडीवाल्याचं वेगळं शुल्क कार्डातून गेलेलं असतं.

लेवान्तोहून रोम, ला स्पेत्सियाला बदलून, साधारण चार तास. कलोसियमची तिकिटं नावावर असतात आणि भेटीच्या महिनाभर आधी खुली होतात, पासपोर्ट बरोबर ठेवा. दोन रात्रींत कलोसियम आणि व्हॅटिकन एवढंच धरा. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात.

कामाचा क्रम असा ठेवा: या आठवड्यात रात्री पक्क्या करा. मग रद्द करता येणारी हॉटेलं, एसी आहे का ते विचारून. फ्रान्समध्ये पाच माणसांना एक खोली देत नाहीत, दोन खोल्या किंवा स्वयंपाकघरासह अपार्टमेंट हॉटेल बघा. त्यानंतर विमान, विमा, अर्ज. व्हिसा आला की बार्सिलोना-मार्सेय आणि ला स्पेत्सिया-रोम या दोनच गाड्या लगेच काढा. बाकीच्या तिथे गेल्यावर.